बाहेर जाण्याची वाट कोण ठरवितो?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेरूळ-औरंगाबादकडे निघालेला मुंबईचा प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत असे आणि पुढची वाट टांग्याने अथवा बैलगाडीने काढीत असे. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे निजामाच्या राज्यात जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि हा ओघ त्याच तालुक्यातील मनमाडकडे वळला. नांदगाव जागच्या जागी राहिले, मुंबईहून येणारी गाडीही तीच राहिली. बदलला तो केवळ फाटा. तो कोठे फुटावा याचा निर्णय अर्थातच नांदगावात झाला नव्हता.

असे फाटे आज रुळांवर नव्हे, तर कचेऱ्यांतील व महाविद्यालयांतील एका लहानशा फाईलमध्ये ठरविले जातात, आणि त्यांची चर्चा तर त्याहूनही कमी होते. अनेक संस्थांत टेबलावरचा संगणक बाहेरच्या जगाशी थेट बोलत नाही. त्याची विनंती प्रथम प्रॉक्सी या मध्यस्थ संगणकाकडे जाते. हा मध्यस्थ ती स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर धाडतो आणि आलेले उत्तर आत पोहोचवितो. या कामासाठी १९९६पासून उपलब्ध असलेली ‘स्क्विड’ ही विनामूल्य प्रणाली जगभर वापरली जाते. कोणत्या संगणकाची विनंती कोणत्या पत्त्यावरून बाहेर पडावी, कोणती दुसऱ्या मध्यस्थाकडे सोपवावी, कोणती थेट जाऊ द्यावी आणि कोणती दारातच अडवावी, हे सारे तिच्या नियमांच्या फाईलमध्ये लिहिता येते.

या नियमांची रीत समजून घेण्याजोगी आहे. परवानगीचे नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडेल तोच अंमलात येतो आणि त्याखालचे वाचलेच जात नाहीत. एकही नियम लागू पडला नाही तर? तर शेवटच्या ओळीत जे लिहिले असेल त्याच्या नेमके उलट होते. शेवटची ओळ नकाराची असेल, तर जी विनंती कोणत्याच नियमात बसली नाही तिला परवानगी मिळते! म्हणूनच ‘उरलेल्या सर्वांना मज्जाव’ अशी स्पष्ट ओळ अखेरीस लिहिण्याचा प्रघात आहे. ती ओळ नसलेल्या फाईलच्या तळाशी कोणी एका संकेतस्थळावर बंदी घातली, तर नियमांबाहेरच्या प्रत्येकाला दार सताड उघडे होते. आणि बंदी घालणारा मात्र आपण दार लावले या समाधानात असतो. कायद्याच्या मसुद्यात असा विपरीत अर्थ निघाला असता, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता.

मुळात हा मध्यस्थ आला तो काटकसरीपोटी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा देशाबाहेर जाण्याची वाट त्या एकाच सरकारी कंपनीच्या हाती होती; वाट अरुंद होती आणि दर चढे होते. एकाने मागविलेले पान साठवून तेच दुसऱ्याला द्यावे म्हणजे तारेवरचा खर्च वाचतो, हा हिशेब चोख होता. पुढे दोन गोष्टी घडल्या. बहुतेक संकेतस्थळांनी मजकूर सांकेतिक कुलपात बंद करून पाठविण्यास प्रारंभ केला, त्यामुळे मध्यस्थाला तो साठवून ठेवणे सामान्यतः शक्य उरले नाही. आणि २०१६नंतर डेटाचे दर कोसळले. बचतीचे कारण अशा रीतीने बहुतांशी संपले, पण यंत्र राहिले. त्याचे काम मात्र पहारा देण्याचे झाले. जकात गेल्यावरही नाका उभाच राहावा आणि नाकेदाराने येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही लिहीत बसावे, तशातला हा प्रकार होय.

ही नोंदवही लहानसहान नसते. कुलूपबंद मजकूर मध्यस्थाला वाचता येत नाही. परंतु कोणत्या संगणकावरून, किती वाजता, कोणत्या संकेतस्थळाकडे कोण गेले याची ओळ उमटते. संस्थेने स्वतःचे प्रमाणपत्र संगणकात बसविले असेल, तर कुलूपही उघडता येते. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने सेवापुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना आपापल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस राखण्याचा आदेश दिला. व्यापारी व्हीपीएन कंपन्यांना तर ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचे बंधन घातले. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रेच हलविली. नोंद ठेवण्यामागे गुन्ह्याच्या तपासाची निकड आहे, हे नाकारता येणार नाही. पण नोंद ठेवली जाते एवढे तरी त्या प्राध्यापकाला, लिपिकाला, विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले असते काय? २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने पूर्वसूचनेचे तत्त्व स्वीकारले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मात्र त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे.

दुसरा प्रश्न सामाईक पत्त्याचा. सर्वांच्या विनंत्या एकाच पत्त्यावरून बाहेर पडल्या, तर पलीकडच्या संकेतस्थळाला ती शंभर माणसे एकच माणूस भासतात. २००७च्या प्रारंभी विकिपीडियाने उपद्रवी संपादनांमुळे एका पत्त्यावर बंदी घातली आणि मागाहून उलगडा झाला, की कतार या देशाची वाहतूक त्या एकाच मध्यस्थामागून येत होती! नांदगावच्या एखाद्या प्रयोगशाळेत चाळीस विद्यार्थी अखेरच्या दिवशी एकाच वेळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू लागले आणि संकेतस्थळाने अतिरिक्त विनंत्यांच्या संशयाने त्या पत्त्याला थोपविले, तर दोष ना विद्यार्थ्याचा ना संकेतस्थळाचा. वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळे बाह्य पत्ते नेमून देणे किंवा ठराविक सरकारी संकेतस्थळांसाठी निराळी वाट ठेवणे, हे उपाय त्याच फाईलमध्ये उपलब्ध असतात. ते योजावयास कोणाला तरी तसे वाटावे लागते, इतकेच.

दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. दोन्ही तारा एकाच रस्त्याकडेच्या चरातून जात असतील, तर खोदाईयंत्राचा एक फटका दोहोंना पुरतो. जानेवारी २००८मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबल तुटल्या, तेव्हा भारताच्या पश्चिमेकडील वाहतुकीचा मोठा भाग एकाच वेळी ठप्प झाला होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबल येत होत्या, परंतु त्या उतरत होत्या मुंबईसह अवघ्या पाच शहरांत.

महाविद्यालयांत जोडणीचे बिल दरवर्षी लेखापरीक्षकासमोर जाते. नियमांची फाईल बहुधा ज्या ठेकेदाराने बसविली त्याच्याचपाशी राहते, आणि ठेकेदार बदलला की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. पुढील निविदेत चार अटी घालणे प्राचार्यांना अशक्य नाही: नियमांची मराठीत समजावलेली प्रत संस्थेला द्यावी, शेवटची ओळ काय आहे ते लेखी कळवावे, दोन्ही तारांचे प्रत्यक्ष मार्ग नकाशावर दाखवावेत आणि नोंदी किती दिवस राहतात याचा फलक प्रयोगशाळेच्या दारावर लावावा. या अटींचा खर्च फार तर एका फलकाचा आहे.