आवाज कुणाचा ते कळलं, रोल कुणाचा?

निकाल लागला की त्या रात्री हॉस्टेलच्या टेरेसवर जी सभा भरते तिला तोड नाही. कुणीतरी फरसाण आणतो, कुणीतरी पाण्याच्या बाटल्या, आणि मग पहाटे तीनपर्यंत परीक्षकांची यथेच्छ धुलाई. अमक्याला अभिनयाचं कसं काय दिलं? तमक्या कॉलेजकडे होतं काय सेटशिवाय? आपला शेवट त्यांच्या डोक्यावरून गेला, दुसरं काय! नाटक न बघितलेली मंडळीही (यात मेकॅनिकलवाले आघाडीवर) छातीठोकपणे मतं देतात. मी या सभेचा जुना वारकरी आहे. आणि हे लिहिल्यावर मला तिथे यंदा फरसाण मिळणार नाही याची जाणीव ठेवूनच लिहितोय.

या सभेतला एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 2022 साली पुण्यातल्या अंतिम फेरीत परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. पहिला नंबर एका इंजिनिअरिंग कॉलेजचाच आला होता, पण करंडक नाही, कारण काय तर दर्जा. मी तेव्हा इथे नव्हतो, तरी या वादाच्या दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत. एक पार्टी म्हणते, स्पर्धा आहे म्हटल्यावर आलेल्यांतला जो बरा त्याला द्या की, घरी ठेवून काय करणार? दुसरी म्हणते, 1963 पासून चाललेली स्पर्धा आहे, तिची काही पातळी नको का? मी दुसऱ्या पार्टीत आहे. पोरांनी महिनाभर राबून नाटक बसवलं म्हणून करंडक द्यायचा, तर मग सबमिशन वेळेवर दिलं म्हणून सगळ्यांनाच डिस्टिंक्शन द्यायला काय हरकत आहे?

पण माझा मुद्दा परीक्षकांचा नाहीच. मुद्दा त्याच्या बराच आधीचा आहे. नाटक भरत नाट्य मंदिरात पडत नाही, ते पात्रनिवडीच्या दिवशी आपल्या कॉमन रूममध्ये पडतं. आणि त्याबद्दल टेरेसवर कुणी चकार शब्द काढत नाही.

पुरुषोत्तमची गंमतच ही आहे की तिथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. दिवे, नेपथ्य, म्युझिक यांना बक्षीस नाही. फिरोदियाचं वेगळं, तिथे नाच, गाणं, चित्र, शिल्प सगळंच नाटकात गुंफायचं असतं, त्यामुळे एखादा नट कच्चा असला तरी मागे कुणीतरी भराभर भलंमोठं चित्र काढत असतो, तिकडे बघता येतं. पुरुषोत्तममध्ये लपायला जागा नाही. समोर माणूस, आणि तो बोलतोय. खरं की खोटं, पाच मिनिटांत कळतं.

आता जे सांगायचंय ते सांगतो. मागच्या वर्षी एका स्पर्धेत (नाव कशाला घ्या) आपण पहिल्याच फेरीत आटोपलो. त्या एकांकिकेत लातूरकडचा एक शेतकरी बाप मुलाला भेटायला शहरातल्या हॉस्टेलवर येतो, असा विषय होता. बापाचा रोल मी केला. मी जन्माने, संस्काराने आणि उच्चाराने कोथरूडचा. शेत मी बघितलंय ते एक्स्प्रेसवेवरून. रोल मला मिळाला कारण मी थर्ड इयरला होतो, आदल्या दोन वर्षी सेट उचलला होता, प्रॉपर्टीची पेटी सांभाळली होती, आणि "यंदा याचा नंबर" हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं. आमच्यातच सेकंड इयरचा एक मुलगा होता, उदगीरचा. त्याला मेसमधल्या पोऱ्याचा रोल. दोन एंट्र्या, एक लाफ्टर.

तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात मला इंटर्नशिपच्या टेस्टला जावं लागलं, तेव्हा माझ्या जागी तो प्रॉक्सीला उभा राहिला. टेस्ट लवकर संपली म्हणून मी परत आलो, तर कॉरिडॉरमध्येच थबकलो. आत तो बापाचे संवाद म्हणत होता. हातात स्क्रिप्टसुद्धा नव्हतं. मुलाच्या कॉटवर बसताना बाप आधी हाताने चादर सरळ करतो, हे कुणी लिहिलेलं नव्हतं, कुणी बसवलेलं नव्हतं. एरवी तालमीत कुणीतरी मोबाईलमध्ये असतंच, तेव्हा कुणी नव्हतं. मी दारात दिसलो तसा तो पटकन उठला आणि म्हणाला, "या दादा, तुमचीच वाट बघायलो होतो." आणि पोऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

त्या रात्री आमच्या दिग्दर्शकाने विषय काढला. चर्चा दहा मिनिटं चालली. "तो खरा वाटतो, पण उच्चारांचं काय? त्याचे न-ण परीक्षकांना खटकतील." "त्याचं बोलणं पुण्याच्या ऑडियन्सला कळेल का?" "आता बदललं तर टीम फुटेल." शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मला तो रोल हवा होता. अभिनयाचं बक्षीस मिळेल असं मला आतून वाटत होतं, बायोडेटात कुठे लिहायचं तेही ठरलं होतं.

मग मी काय केलं, तर गावरान बोललो. "काय म्हनतुयास लेका" वगैरे. पिक्चरमधला पाटील बोलतो तसं. लातूरकडचा माणूस असं बोलत नाही, तो "काय म्हणायलास" म्हणेल, हे मला प्रयोग झाल्यावर कळलं, तेही त्याच मुलाकडून, तेही मी विचारलं म्हणून. म्हणजे ज्याची भाषा कळणार नाही म्हणून त्याला बाजूला ठेवलं, त्याच्याच भाषेची नक्कल करायला मी उभा होतो, आणि नक्कलही भलत्याच जिल्ह्याची. प्रेक्षक चार ठिकाणी हसले. त्यातल्या दोन जागा रडायच्या होत्या.

निकालाच्या रात्री टेरेसवर परीक्षकांना ग्रामीण विषय कळत नाहीत असा ठराव एकमताने पास झाला. उदगीरचा कोपऱ्यात बसून फरसाण खात होता.

याला उत्तर म्हणून सीनियर मंडळी जे म्हणतात त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कॉलेजचा ग्रुप काही व्यावसायिक कंपनी नाही. दोन वर्षं लेव्हल्स उचलणाऱ्याला तिसऱ्या वर्षीही लेव्हल्सच उचलायला सांगितल्या तर पुढच्या वर्षी टेम्पो भरायला कोण येईल? बरोबर आहे. पण त्याची परतफेड रोलनेच का करायची? त्याला निर्मितीप्रमुख करा, दिग्दर्शनात घ्या, ग्रुपचं प्रमुखपद द्या. रोल हे बक्षीस नव्हे, ते काम आहे. वर्कशॉपमध्ये जॉब ज्याच्या हाताला बसतो त्याच्याकडे देतो ना आपण, सीनियॉरिटीने लेथ चालवतो का?

आणि "शोभतो का" या प्रश्नाचं तर मला हसूच येतं. डॉ. श्रीराम लागूंनी 1970 मध्ये 'नटसम्राट'मधला म्हातारा बेलवलकर उभा केला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल'मधला नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे 25 वर्षांचे, आपल्या पीजीवाल्यांच्या वयाचे. त्याच वर्षीच्या 'सखाराम बाइंडर'चे निळू फुले एके काळी पुण्यात माळीकाम करणारे. यांना दिसण्यावरून, वयावरून, उच्चारावरून चाळणी लावली असती तर काय उरलं असतं? जुने नाट्यवेडे लागूंचा बेलवलकर थोर की दत्ता भटांचा, यावर आजही भांडतात. भांडोत. ते दोन माणसांनी प्रत्यक्ष केलेल्या कामावर भांडतात. आपण न केलेल्या कामाच्या न मिळालेल्या बक्षिसावर भांडतो.

राहिला भाषेचा प्रश्न. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे राजकुमार तांगडेंचं नाटक 2012 मध्ये आलं. जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली, शेतीभातीतली पोरं आपल्याच बोलीत बोलत होती आणि पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. कळलं की सगळ्यांना!

अजून एक गोष्ट, ही खास स्टाफसाठी. आपल्याकडे एकांकिकेत बाईचा रोल एक तर फोनवर असतो नाहीतर फोटोत. लेखकांना बायका लिहिता येत नाहीत हे आहेच, पण तालीम रात्री रंगात येते आणि गर्ल्स हॉस्टेलचं गेट त्याआधी बंद होतं, हेही आहे. आमच्या बॅचमधली एक मुलगी पहिल्या वाचनाला आम्हा सगळ्यांना खाऊन टाकेल असं वाचून गेली होती. तिला शेवटी प्रॉम्प्टिंग दिलं, कारण ते दुपारी करता येतं. म्हणजे आपली अर्धी पात्रनिवड गेटवरचं रजिस्टर करतं. स्पर्धेच्या महिन्यापुरती तालमीची यादी रेक्टर मॅडमकडे देऊन वेळ वाढवून मिळावी, एवढंच मागणं आहे. सह्यांचा कागद तयार आहे.

यंदाचं वाचन पुढच्या आठवड्यात आहे. माझ्या म्हणण्यावरून एवढं ठरलंय की प्रत्येकाने प्रत्येक रोल वाचायचा, इयर न सांगता, आणि मी कुठल्याच रोलसाठी वाचणार नाही, लाइट्सवर बसणार. उदगीरच्याला निरोप दिला होता. तो म्हणाला, "जमायचं नाही दादा, सबमिशन आहे."

जुलै महिन्यात कसलं आलंय सबमिशन? उद्या पुन्हा त्याच्या रूमवर जाणार आहे.