विश्लेषण : घरच्या सुतारकामासाठी स्वस्त बँडसॉ घ्यावा का? किंमत, ताकद आणि परवान्याचे गणित काय?

ओंडक्यातून चहाचा ट्रे, जुन्या दरवाजातून टेबल... लाकूडकामाच्या अशा रील्स सध्या अनेकांच्या मोबाइलवर दिसतात. त्यातले एक यंत्र हमखास लक्ष वेधते, ते म्हणजे बँडसॉ. ऑनलाइन बाजारात त्याचे छोटे, स्वस्त नमुनेही दिसू लागले आहेत. मात्र खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. हे यंत्र आपले काम खरेच करेल का? आणि ते चालवण्यासाठी परवाना लागेल का?

बँडसॉ नेमका कशासाठी?

वर-खाली दोन चाके आणि त्यांवरून फिरणारे दातेरी पोलादी पाते, अशी याची साधी रचना. नागमोडी कापणे आणि जाड फळी उभी चिरून पातळ फळ्या काढणे ही त्याची दोन मुख्य कामे. पाते लाकडाला खाली टेबलावर दाबते. त्यामुळे गोल पात्याच्या करवतीप्रमाणे लाकूड उसळून अंगावर येण्याचा धोका इथे कमी असतो. प्लायवूडचे मोठे शीट सरळ कापायचे असेल, तर मात्र हे यंत्र चुकीचे. फक्त वळणदार कापायचे असेल, तर हातातला जिगसॉ खूप कमी पैशांत भागवतो.

9 इंची की 14 इंची?

हा आकडा चाकाच्या व्यासाचा असतो. तो पाहूनच अनेकांची फसगत होते, कारण पाते आणि मागचा खांब यांत किती रुंद लाकूड मावेल हे त्यातून कळते. किती जाड लाकूड चिरता येईल, हे कळत नाही. साधारण 9 इंची यंत्र साडेतीन इंचांपर्यंत उंचीचे लाकूड घेते, तर पारंपरिक 14 इंची यंत्र सुमारे 6 इंच. खेळणी, छोट्या पेट्या, नावाच्या पाट्या एवढेच करायचे असेल तर 9 इंची पुरते. सागाच्या रुंद फळ्या चिरायच्या असतील, तर ते दमते.

मोटरचेही तसेच. जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा आकडा नव्हे, मोटरवरच्या पट्टीवरील वॅट वाचा. 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. छोट्या यंत्रांची मोटर अनेकदा याच्या तिसऱ्या हिश्शाची असते. परदेशातून मागवलेले यंत्र 110 व्होल्टचे असेल, तर ते आपल्या 230 व्होल्टवर थेट चालत नाही. शिवाय 60 हर्ट्झसाठी बनवलेली साधी इंडक्शन मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे 17 टक्के हळू फिरते.

स्वस्त यंत्रात बचत कुठे केलेली असते?

सांगाडा, पात्याला आधार देणारे गाइड आणि टेबल या तीन ठिकाणी. पाते ताणलेले असेल तरच सरळ कापते. सांगाडा लेचापेचा असेल तर ताण देताच तो वाकतो आणि काप तिरका जातो. म्हणून यंत्र दुकानात चालवून पाहा. पाते चाकावर स्थिर राहते का, टेबल पात्याशी गुण्यात बसते का, हे तपासा.

कारखान्यातून येणारे पाते बहुतेकदा सामान्य दर्जाचे असते. ते बदलले की स्वस्त यंत्रही सुधारते. जाड लाकूड चिरायला इंचाला 3 दात, सर्वसाधारण कामाला 6 आणि पातळ लाकडाला 10 ते 14 दात, असा ठोकताळा आहे. पाव इंची पाते सुमारे पाच अष्टमांश इंच त्रिज्येचे वळण घेते. अर्धा इंची पात्याला अडीच इंच लागतात. त्या लांबीचे पाते आपल्या शहरात मिळते का किंवा वेल्डिंग करून मिळते का, हे यंत्र घेण्याआधी विचारा. लाकूडकामाच्या यंत्रांवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 30,000 रुपयांच्या मूळ किमतीवर 5,400 रुपये. ऑनलाइन दरात तो धरला आहे का, तेही पाहा.

परवान्याचा मुद्दा काय?

गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर देशभरातील आरा गिरण्यांवर कडक नियंत्रण आले. केंद्राने 2016 मध्ये लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांनुसार, ओंडके न वापरता चिरलेले लाकूड, प्लायवूड, बांबू यांवर काम करणाऱ्या उद्योगांना परवान्यातून सूट आहे. मात्र तिथे बँडसॉ, री-सॉ किंवा 30 सेंटीमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसावी, अशी अट आहे. गोल करवतीला मापाची मर्यादा आहे, बँडसॉला ती नाही. त्यामुळे गिरणीतील अजस्र यंत्र आणि टेबलावर मावणारे 9 इंची यंत्र एकाच शब्दात बसतात.

ही तत्त्वे उद्योगांसाठी आहेत, घरच्या छंदासाठी नव्हेत, असा युक्तिवाद करता येतो. पण वस्तू विकायला सुरुवात केली किंवा शेतातला ओंडका आणून चिरला, की ती रेषा पुसट होते. जून 2025 मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील वृक्षतोड सोपी करण्यासाठी राज्यांना आदर्श नियम पाठवले. पण झाड तोडणे सोपे होणे आणि लाकूड चिरण्याला मुभा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ओंडक्याचे काम परवानाधारक गिरणीतच करून घ्या, चिरलेल्या लाकडाची बिले जपा आणि खरेदीपूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी खुलासा घ्या.

सुरक्षेचा खर्च कोणी मोजत नाही

वरचा गाइड लाकडापासून साधारण पाव इंचावर ठेवा. हातमोजे घालू नका आणि छोटा तुकडा काठीने ढकला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक मानते. त्यामुळे चांगला मास्क आणि भुसा ओढणारी सोय बजेटमध्येच धरा. 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चोख अर्थिंगही हवे.

मग घ्यावा का?

महिन्यातून एकदोनदाच फळी चिरायची असेल, तर जवळच्या सॉ मिलमध्ये चिराईचे पैसे देणे परवडते. दर आठवड्याला छोटी, वळणदार कामे असतील तर 9 किंवा 10 इंची यंत्र आणि सोबत दोन चांगली पाती पुरे. जाड लाकूड नियमित चिरायचे असेल, तर थांबा, पैसे साठवा आणि 14 इंची घ्या, जुने पण ओतीव लोखंडी सांगाड्याचे मिळाले तरी चालेल. मधल्या मोहात पडून घेतलेले यंत्र बहुतेकदा कोपऱ्यात धूळ खाते, आणि ते सर्वांत महाग पडते.