जुन्या तुळया आणि नवी शिबिरे

अलीकडे शहरांतील सुशिक्षित मंडळींत एका नव्या छंदाचे कौतुक फार वाढले आहे. शनिवार-रविवारी कोणाच्या तरी शेतावर जमावे, चिखल तुडवावा, पाडलेल्या वाड्यांतून आणलेल्या चौकटी व कौले लावून एखादी खोली उभारावी आणि सोमवारी नखांतली माती मिरवीत कचेरीत जावे! या मेळाव्यांस 'पर्माकल्चर' शिबिरे म्हणतात. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली आपल्या ग्रंथाने हा शब्द रूढ केला. एका कामात टाकाऊ ठरलेली वस्तू दुसऱ्या कामाचे साधन व्हावी, हे त्यातील एक मुख्य सूत्र. त्या सूत्राशी आमचे भांडण नाही. ही शिबिरे ज्या रीतीने भरविली जातात, तिच्याशी आहे.

जुन्या सामानाने घर बांधण्याची कल्पना आपणच या मुलखात आणली, असा आव जेव्हा आणला जातो, तेव्हा आम्हांस हसू येते. पडक्या गढ्यांचे दगड किती घरांच्या जोत्यांत जाऊन बसले आहेत, याची मोजदाद कोणी करावी? जुनी तुळई हाती आली की गावचा सुतार तिच्यावर ठोका मारून आवाज ऐकतो, भिंतीत गाडलेली टोके आधी तपासतो (कुजणे व वाळवी यांचा आरंभ तेथूनच होतो), आणि टोके कापून लांबी घटली तर तीच तुळई लहान खणास लावतो. ही विद्या पुस्तकात नाही म्हणून ती विद्याच नव्हे, असे मानण्याची आमच्या सुशिक्षितांस सवय जडली आहे.

आम्ही पाहिलेल्या एका शिबिरात शिबिरार्थ्याची दोन दिवसांची फी तेथील गवंड्याच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होती. मार्गदर्शक मातीशी संवाद साधण्याविषयी बोलत होते आणि गवंडी घमेली उचलून देत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने मुकाट्याने भिंतीचे चार दगड काढले व त्यांच्या जागी एक लांब दगड आडवा घातला. का घातला, हे कोणीही विचारले नाही.

त्या एका दगडाचे मोल ज्यांस कळत नाही, त्यांनी किल्लारीचे स्मरण करावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडानेच माणसे मारली, असा धसका लोकांनी घेतला. परंतु पडलेल्या भिंतींची रचना पाहावी. भिंत दोन-अडीच फूट रुंद खरी, पण आतला व बाहेरचा असे तिचे दोन वेगळे थर, मध्ये चिपा व माती. दोन्ही थरांस सांधणारा लांब दगड नाही, कोपऱ्यांत गुंफण नाही. वर माळवदावर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीचे ओझे. अनेक घरांत तर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. तेव्हा जुना दगड घ्यावा की नवी वीट, हा प्रश्न दुय्यम होय. सांधा कोणास येतो, हे आधी पाहिले पाहिजे. आणि ज्यास येतो त्याच्या हाती शिबिरात घमेले दिले जाते!

याहून निराळी रीत शक्य नाही काय? २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भुज येथे उभ्या राहिलेल्या 'हुन्नरशाला' संस्थेने कारागिरांनाच केंद्रस्थानी ठेवून काम केले आणि तरुणांस त्यांच्या हाताखाली शिकविण्याची सोय केली. केरळात लॉरी बेकर जुनी दारे, खिडक्या व कौले वापरीत, तेही प्रत्यक्ष जागेवर गवंड्यांबरोबर उभे राहून. आमच्या आयोजकांस मात्र गवंडी हवा तो छायाचित्रापुरता.

आणखी एक गोष्ट. पडलेल्या घराचे सामान उचलणे निराळे, आणि शिबिरास नक्षीदार चौकट हवी म्हणून उभ्या वाड्याचा सौदा करणे निराळे. दुसऱ्या प्रकारास पुनर्वापर म्हणणे म्हणजे निव्वळ शब्दच्छल होय. शिवाय बांधायचे ते कोणाच्या तरी गरजेचे असावे. गावातील अंगणवाडीची भिंत खचली असता शेजारच्या शेतात पाहुण्यांसाठी मातीची झोपडी उभारण्यात कोणता समाज जोडला जातो, ते आम्हांस उमगत नाही.

कारागिरांस बोलता येत नाही, शिकविता येत नाही, अशी सबब आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. त्यांना विचारून कोणी पाहिले? येत्या उन्हाळ्यात जे शिबिर भरवतील त्यांनी निमंत्रणपत्रिकेत गवंडी व सुतार यांची नावे सर्वप्रथम छापावीत, त्यांचा मेहनताना किती तोही छापावा, आणि पावसाळा सरल्यावर ती भिंत पाहण्यास आम्हांस बोलवावे. आम्ही स्वखर्चाने येऊ.