विश्लेषण : दुचाकी महिनोन्‌महिने उभी राहणार? बॅटरीसाठी कोणता चार्जर घ्याल?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे रवाना होतात. अनेकांची दुचाकी हंगाम संपेपर्यंत दारातच उभी असते. परतल्यावर बॅटरी बसलेली आढळते आणि उचलीचा हिशेब मिटण्याआधीच नव्या बॅटरीचा खर्च अंगावर येतो. तो टाळता येतो.

बॅटरी का बसते?
लेड-ॲसिड बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. उन्हाळ्यात अधिक वेगाने. बराच काळ उतरलेली राहिल्यास प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती पूर्ण चार्ज होत नाही.

चार्जर कसा निवडावा?
केवळ ‘१२ व्होल्ट’ पाहून भागत नाही. करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण एक दशांश असावा. ५ अँपिअर-अवरच्या दुचाकीला अर्धा अँपिअर, तर ८० अँपिअर-अवरच्या ट्रॅक्टरला ८ अँपिअर. ट्रॅक्टरचा चार्जर दुचाकीला लावल्यास बॅटरी तापते, पाणी आटते. चार्जर कायम जोडून ठेवायचा असेल, तर स्वयंचलित ‘मेंटेनर’च घ्यावा. बॅटरी भरल्यावर तो व्होल्टेज साडेतेराच्या आसपास आणतो. साधा चार्जर तसे करत नाही.

घराला कुलूप असेल तर?
बंद घरात कोणताही चार्जर चालू ठेवू नये. बॅटरी पूर्ण चार्ज करावी. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवून ती गावातील नातेवाइकांकडे द्यावी. महिन्यातून एकदा हवेशीर जागी चार्ज केली, तरी नव्या बॅटरीचे पैसे वाचू शकतात.