निक सेबन आणि एका खेळाचे दोन बाजार

अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. अमेरिकी प्रसारमाध्यमांनी एका युगाची अखेर झाल्याची भाषा केली आणि या वेळी तीत अतिशयोक्ती नव्हती. सेबन यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. अलाबामाचेच दिवंगत प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्यापेक्षा एक अधिक. मात्र संपलेले युग नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. चाहत्यांच्या मते शिस्तीचे युग संपले. टीकाकारांच्या मते, घामाचे मोल एकाला आणि घाम दुसऱ्याचा, अशा व्यवस्थेचे युग संपले. सेबन यांची कारकीर्द तपासली तर दोन्ही म्हणण्यांत तथ्य आढळते.

जगभर ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशी या खेळाचे फारसे नाते नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत पुढे सरकायचे, असा हा अंगमेहनतीचा आणि तितकाच डावपेचांचा खेळ आहे. अमेरिकेत तो विद्यापीठांच्या मैदानांवर वाढला. टस्कलूसा या मध्यम आकाराच्या शहरातील अलाबामाच्या मैदानात एक लाख प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारी रक्कम अब्जावधी डॉलरच्या घरात आहे. तरीही खेळाडू हा आधी विद्यार्थी, म्हणून हौशी, आणि म्हणून शिष्यवृत्तीखेरीज त्याला काही मिळता कामा नये, असा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा अनेक दशकांचा दंडक होता. व्यावसायिक लीगमध्ये जावे, तर शालेय शिक्षणानंतर तीन वर्षे उलटल्याखेरीज तेथे प्रवेश नाही. होतकरू खेळाडूपुढे त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता.

सेबन हे वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या परिसरातले. वडील पेट्रोल पंप चालवीत आणि मुलांच्या संघाला फुटबॉल शिकवीत. धुतलेल्या मोटारीवर एक ओघळ जरी दिसला तरी वडील ती पुन्हा धुवायला लावत, ही आठवण सेबन वारंवार सांगत आले आहेत. त्यांच्या कार्यपद्धतीचे मूळ या शिकवणीत शोधता येते. १९९८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात असताना, अग्रमानांकित ओहायो स्टेटशी सामना होण्यापूर्वी त्यांनी खेळाडूंना धावफलक विसरून केवळ समोरच्या एका चालीवर लक्ष देण्यास सांगितले. मानसोपचारतज्ज्ञ लायोनेल रोझेन यांचा हा सल्ला होता. तो सामना त्यांच्या संघाने २८-२४ असा जिंकला. फळाची चिंता न करता हातातले काम चोख करण्याच्या या पद्धतीला पुढे ‘प्रोसेस’ हे नाव पडले. २००३ च्या मोसमात लुईझियाना स्टेटला विजेतेपद मिळवून दिल्यावर २००५ मध्ये ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे गेले.

त्यांच्या कारकीर्दीचा अर्थ लावताना यानंतरचा प्रसंग महत्त्वाचा ठरतो. आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही, असे सेबन यांनी २१ डिसेंबर २००६ रोजी पत्रकारांना निःसंदिग्धपणे सांगितले. जेमतेम दोन आठवड्यांनी, ३ जानेवारी २००७ रोजी, त्यांनी ते पद स्वीकारले. आठ वर्षांसाठी तीन कोटी वीस लाख डॉलर असा तो करार होता. मायामीशी झालेल्या कराराची मुदत बाकी होती. टीका पुष्कळ झाली, पण त्यांना कोणी एक मोसम घरी बसविले नाही. त्याच सुमारास एखाद्या फुटबॉलपटूने एका मोठ्या विद्यापीठातून दुसऱ्यात जायचे ठरविले असते, तर नियमानुसार त्याला एक मोसम खेळाविना काढावा लागला असता. प्रशिक्षकांचा बाजार खुला होता आणि खेळाडूंचा बंद.

त्या खुल्या बाजाराने अलाबामाला भरभरून दिले. २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० अशा सहा मोसमांची विजेतेपदे टस्कलूसात आली. विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या दशकभरात सुमारे २५ हजारांवरून ३७ हजारांपलीकडे गेली. विद्यापीठाने केलेली ही सर्वोत्तम आर्थिक गुंतवणूक, असे तत्कालीन कुलपती रॉबर्ट विट यांनी सेबन यांच्याविषयी म्हटले. खेळाडूंनाही काहीच मिळाले नाही असे नव्हे. सेबन यांच्या हाताखालचे चाळीसहून अधिक खेळाडू व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले. पण ज्यांना ती संधी लाभली नाही किंवा दुखापतीने जे बाजूला पडले, त्यांच्या वाट्याला शिष्यवृत्तीच तेवढी आली.

या विषमतेचे बोलके उदाहरण २००९ मध्ये समोर आले. अलाबामाच्या काही खेळाडूंनी शिष्यवृत्तीत मिळणारी पाठ्यपुस्तके इतरांसाठीही घेतल्याचे उघड झाले होते. त्याबद्दल क्रीडा संघटनेने फुटबॉल संघाचे २१ विजय नोंदीतून वगळले. त्यांतील पाच विजय सेबन यांच्या पहिल्या मोसमातले होते. प्रशिक्षकाला वर्षाला चाळीस लाख डॉलर मिणाऱ्या व्यवस्थेत पाठ्यपुस्तके हा गुन्हा ठरला.

हा बांध २०२१ मध्ये फुटला. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात, शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेली मर्यादा एकमताने बेकायदा ठरविली. त्याच वर्षी विद्यापीठ बदलताना एक मोसम बसण्याची अट सैल झाली आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा जाहिरातींसाठी विकण्याची मुभा मिळाली. अलाबामाकडून एकाही सामन्याची सुरुवात न केलेल्या ब्राइस यंग याची कमाई दहा लाख डॉलरच्या जवळ पोहोचल्याचे खुद्द सेबन यांनीच जुलैत सांगितले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा सूर बदलला होता. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपला प्रत्येक खेळाडू विकत घेतल्याचा जाहीर आरोप त्यांनी केला. तेथील प्रशिक्षक आणि सेबन यांचे एकेकाळचे सहकारी जिंबो फिशर यांनी तो तितक्याच कडव्या शब्दांत फेटाळला.

निवृत्तीनंतर, मार्च २०२४ मध्ये, वॉशिंग्टन येथे लोकप्रतिनिधींसमोर बोलताना सेबन यांनी हीच खंत मांडली. आपण आयुष्यभर जपलेली मूल्ये महाविद्यालयीन खेळात उरली नाहीत आणि खेळाडूंना केवळ पैशात रस आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मैदान सोडण्यामागे वय आणि थकवा हीही कारणे होती, हे त्यांनी नाकारलेले नाही.

ही खंत निराधार नाही. दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या मुलाची पदवी पूर्ण होणे कठीण असते. सेबन यांच्या निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच अनेक खेळाडूंनी अलाबामा सोडले. केलेब डाउन्ससारखा गुणी बचावपटू ओहायो स्टेटला गेला. चार वर्षे मेहनत घेऊन खेळाडू घडविणे, हा जुन्या व्यवस्थेतला खरा गुण होता आणि तो आज धोक्यात आहे.

तरीही ही खंत अपुरी आहे. पैशामागे धावण्याचा दोष खेळाडूंना देताना, तोच मार्ग प्रशिक्षकांनी आधी चोखाळला होता हे विसरता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सेबन यांचा जो करार वाढविण्यात आला, त्याचे एकूण मूल्य नऊ कोटी छत्तीस लाख डॉलर होते. फिशर यांना २०२३ मध्ये पदावरून दूर करताना त्यांच्या विद्यापीठाने साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे पत्करले. हे पैसे न शिकविण्याबद्दलचे आहेत. त्यावर मूल्यऱ्हासाची हाकाटी फारशी झाली नाही.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीमुळे आता विद्यापीठेच खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. यातला मोठा वाटा फुटबॉलकडे वळणार आणि फुटबॉलच्या उत्पन्नावर पोसले जाणारे जलतरण, कुस्ती यांसारखे खेळ अडचणीत येणार, ही भीती रास्त आहे. खेळाडूंच्या मोबदल्याला कमाल मर्यादा आहे, प्रशिक्षकांच्या वेतनाला मात्र ती आजही नाही.

सेबन यांचे मोठेपण या हिशेबाने कमी होत नाही. बंद बाजारात त्यांच्याइतके सातत्य अन्य कोणालाही साधले नाही. पण व्यवस्था बिघडली ती खेळाडूंना मोल मिळू लागल्यावर, असा निष्कर्ष त्यांच्या कारकीर्दीतून काढणे चुकीचे ठरेल. मोटारीवरचा ओघळ पुसण्याचा आग्रह धरणाऱ्या वडिलांचा हा मुलगा. खेळाडूंच्या कमाईवर कायद्याने अंकुश आणू पाहणाऱ्यांनी ती शिकवण मनावर घ्यायची, तर प्रशिक्षकांच्या करारांवरचे ओघळही पुसावे लागतील.