ठेवणीतले रंग

मराठी घरात ‘ठेवणीतला’ या शब्दाला मोठा मान आहे. ठेवणीतली पैठणी असते, ठेवणीतली ताटे असतात. फार काय, ठेवणीतल्या शिव्यासुद्धा असतात! मुलांना बक्षीस मिळालेली रंगपेटीही याच न्यायाने कपाटात चढते. ‘चांगले चित्र काढशील तेव्हा वापर हो,’ असे आई बजावते आणि रंग जपले गेले असे सर्वांना वाटते.

पण रंग जपणे म्हणजे नुसते झाकून ठेवणे नव्हे. प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा. जलरंगाची पूड डिंकात बांधलेली असते, म्हणून वाळलेली वडीही पाण्याच्या थेंबाने जागी होते. तिचे वैर दमटपणाशी. ओली पेटी तशीच मिटली, तर पावसाळ्यात बुरशी आलीच. काम संपल्यावर वड्या सुकेपर्यंत पेटी उघडी राहू द्यावी. पोस्टर रंग घट्ट होऊ लागला, तर पाण्याचे दोन थेंब घालून ढवळावा. मात्र बाटलीत मळका कुंचला घालू नये. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे ज्या घरात मुलांना पाठ असते, तिथे हे वेगळे काय सांगायचे? ॲक्रिलिक रंग मात्र एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. त्याचे झाकण लगेच लावावे.

तैलरंगाची तऱ्हाच वेगळी. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून त्याला हवेपासून दूर ठेवायचे. पूर्वी चित्रकार हा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. रंगासाठी पाडलेले भोक पुन्हा नीट बुजत नसे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि ही कटकट मिटली. ही नळी तळाकडून दाबीत यावे, तोंड पुसून झाकण लावावे. झाकण अडकले, तर थोडा वेळ गरम पाण्यात धरावे. पक्कड लावली की नळीच पिळवटते. आणि तेलाने माखलेल्या फडक्यांचा बोळा कधी टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळी पसरून वाळवावीत.

माझ्या आत्याला चित्रांचा भारी नाद. ती निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला तैलरंगांचा संच दिला. ‘घरचे सारे मार्गी लागले की निवांत बसेन,’ असे ती म्हणे. ती गेल्यावर आम्ही तो संच उघडला. बाराही नळ्यांची झाकणे घट्ट होती. एक नळी दाबून पाहिली, तर आत रंग ताजा, लोण्यासारखा मऊ! शेजारी तिची शाळेतली जलरंगांची पेटी होती. तिच्यातली निळी वडी मधोमध इतकी झिजली होती की खालचा पत्रा दिसत होता.

नीट जपलेला रंग वर्षानुवर्षे टिकतो. निवांतपणाचे तसे नाही. तो बाटलीत भरून ठेवता येत नाही. तेव्हा यंदा फराळाचे डबे काढाल, तेव्हा कपाटातली रंगपेटीही खाली काढा. मुलांनी किल्ला रंगवायला मागितली तर देऊन टाका, आणि एक कुंचला स्वतःकडे ठेवा. चित्र चांगले येते की नाही, ते मागाहून पाहू!