नऊवारीच्या चार घड्या

मैत्रिणींनो, पोळा झाला, गणपती गेले. शेतात सोयाबीन पिवळे पडू लागले आहे. कापसाची बोंडे मात्र अजून नीट फुटायची आहेत. दसऱ्याच्या आगेमागे वेचणी सुरू होईल आणि एकदा का कमरेला ओटी बांधली, की मग आपल्या बेला-जैनथ भागातल्या बाईला संक्रांतीपर्यंत पाठ टेकायला फुरसत नाही. मधले हे पंधरा-वीस दिवसच काय ते आपल्या हातचे. म्हणून या वेळी तीन सोपी कामे सांगणार आहे. एक शिवणाचे, एक भाजण्याचे आणि एक सजावटीचे. तिन्हींचे सामान बहुतेक घरातच किंवा शेताच्या बांधावर सापडेल.

कोणी म्हणेल, "अहो बाई, पितृपक्ष चालू आहे, नवे काम कशाला काढता?" मलाही गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी असेच टोकले होते. मी म्हटले, काकू, गोधडी हे कुठे नवे काम? जुन्या कपड्यांचेच तर आहे. आणि खरे सांगायचे तर ते पितरांचेच काम निघाले. कसे ते सांगते.

आमच्या सासूबाईंना आम्ही सगळे मामी म्हणायचो. त्यांना जाऊन आता तीन वर्षे होतील. त्यांची पत्र्याची पेटी तशीच पलंगाखाली होती. आत सात-आठ सुती नऊवारी लुगडी, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. दर हिवाळ्यात मी म्हणायची, यांची छान गोधडी होईल. आपल्याकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. तेलंगणातल्या थंडीच्या बातम्या आल्या की आदिलाबाद जिल्ह्याचे नाव वरच असते आणि पारा कित्येकदा एक आकड्यावर येतो. पण आमच्या घरच्यांचे एकच उत्तर, "आईच्या लुगड्याला कात्री लावायची नाही." पुढे बोलायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी मामींच्या तिथीला पेटी झाडायला काढली. वरून सगळे ठीक दिसत होते. खालचे हिरवे लुगडे उलगडले आणि पोटात धस्स झाले. घडीवर कसर लागली होती. चार ठिकाणी भोके, आणि घडीच्या रेघेवर कापड इतके विरलेले की हात लावताच फाटले. मामी सणावारी नेसायच्या ते हेच लुगडे. कात्री आम्ही कोणीच लावली नव्हती, तरी ते गेले.

हे बराच वेळ ते लुगडे हातात धरून बसले. मी काही बोलले नाही. संध्याकाळी दुसरे लुगडे अंगणात पसरले आणि म्हटले, जरा मोजून तर बघा. ड्रिपच्या नळ्या मोजायचा टेप घेऊन त्यांनीच मोजले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या लांबीत चार सारख्या घड्या घातल्या की पावणेसात फूट होतात. पन्हा चार फुटांच्या थोडा आत. म्हणजे एका माणसाच्या अंगावर पुरेल असे तयार पांघरूण, चार थरांचे, आणि कात्रीचे नाव नाही! लुगडे अखंडच राहते, फक्त घडी घालून टाचायचे. उद्या कोणाला वाटले, तर टाके उसवून ते पुन्हा लुगड्याचे लुगडे. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग मध्ये बाबांचे धोतरही घाल." मामांचे जुने धोतर दोन घड्या करून आत बरोबर मावले. झाले सहा थर.

आता गोधडीची कृती सांगते.

साहित्य : एक सुती नऊवारी, एक जुने धोतर किंवा सुती चादर, जाड पांढऱ्या दोऱ्याची रिळे, लांब सुई, बोटात घालायचे टोपण. नऊवारी नसेल तर सहावारी सुती साडीही चालते. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट होतात, थरांसाठी अशा दोन साड्या घ्या.

कृती : कपडे कोमट पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा आणि कडक उन्हात वाळवा. काठाचा रंग जातो का ते आधी बघा. ओला पांढरा फडका काठावर घासला की लगेच कळते. रंग जात असेल तर तो थांबेपर्यंत वेगळे धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी होईल. मग स्वच्छ जमिनीवर लुगडे पसरून पहिली घडी घाला, तिच्यावर धोतर ठेवा, त्यावर उरलेल्या घड्या. प्रत्येक थराला मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा. पदर सगळ्यांत वर येऊ द्या, म्हणजे वेगळी नक्षी करायला नको.

यानंतर घाई करू नका. आधी मधोमध उभा आणि आडवा असा वीतभर लांबीचा कच्चा टाका घाला, मग कोपऱ्यांकडे. याने थर हलत नाहीत. चारी कडा आत दुमडून पक्क्या करा. मग कडेपासून दोन बोटे आत साधा धावदोरा घालत चौफेर फिरा. एक फेरा पुरा झाला की आणखी दोन बोटे आत. असे करत करत मध्यावर या. टाका गव्हाच्या दाण्याएवढा असला की पुरे. शेवटी कच्चे टाके काढून टाका.

दोन चुका मी केलेल्या आहेत, तुम्ही करू नका. एकदा मध्ये नायलॉनची साडी घातली. ती आतल्या आत सरकली आणि गोधडीला गाठोड्यासारखे फुगवटे आले. दुसऱ्या वेळी दोरा इतका ओढून घेतला की सगळे कापड चुण्या पडून आखडले. दोरा सैलच असू द्या, धुतल्यावर तो आपोआप बसतो.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायकाही जुन्या कपड्यांची अशीच गोधडी करतात. तिला त्या कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून सुरुवात करून आत येतात आणि चार कोपऱ्यांवर कापडाची छोटी फुले टाचतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचाच कांथा होतो. आज शहरातल्या प्रदर्शनांत या वस्तू मोठ्या किमतीला जातात. आपल्याकडे त्या पलंगाच्या पेटीत दडून बसलेल्या असतात एवढाच फरक.

मला रोज दुपारी दोन तास बसून एकोणीस दिवस लागले. अलीकडे चष्मा लावूनही सुईत दोरा जात नाही. ते काम ह्यांनी घेतले. जेवण झाले की दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे आणि शेतावर जायचे. तोंडाने एक शब्द नाही.

दुपारी शिवायला बसले की चार मुली भोवती जमतात, आणि मुली जमल्या की खायला काहीतरी लागते. म्हणून दुसरे काम नानकटाईचे.

माझे माहेर पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातले. तिकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी झाली की खिरापत ओळखायची. डबा कानाशी नेऊन खुळखुळ वाजवायचा, आणि जिला ओळखता आले तिचा मान. आम्हाला कोणाला ओळखता येऊ नये म्हणून आई नानकटाई करायची, कारण ती वाजतही नाही आणि तिचा वासही तूप-वेलदोड्याचा, लाडवासारखाच. त्या वेळी मैदा, साखर, तूप घरून घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याचे डबे भरून आणायचे. आता भट्टीची गरज नाही. घरच्या कुकरमध्ये सुरेख होते.

साहित्य : एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, अर्धी वाटी गोठलेले तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. मैद्याऐवजी निम्मी कणीक घेतली तरी चालते, रंग थोडा सावळा येतो एवढेच.

कृती : तूप आणि पिठीसाखर हाताने फेसून पांढरे हलके करा. यालाच वेळ द्या, सगळी खुसखुशी इथेच आहे. मग बाकीचे सगळे चाळून त्यात मिसळा. पाणी किंवा दूध घालू नका. मळायचे नाही, फक्त गोळा एकत्र आणायचा. लिंबापेक्षा थोड्या लहान गोळ्या करून किंचित दाबा आणि वर चारोळी लावा.

कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवा. हे विसरू नका, बायांनो! कुकरमध्ये पाणी अजिबात नको. तळाशी दीड वाटी जाडे मीठ पसरा, त्यावर एक स्टँड ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळ्या अंतर सोडून मांडा, ताटली आत ठेवा आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजा. वर बारीक भेगा पडल्या आणि खालून बदामी रंग आला की झाले. गरम असताना त्या मऊच लागतात, म्हणून कच्च्या राहिल्या समजून पुन्हा भाजू नका. ताटलीतच निवू द्या. मीठ जेवणात वापरू नका, पण पुढच्या भाजण्यासाठी बरणीत ठेवा.

हैदराबादच्या उस्मानिया बिस्किटाला शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव आहे. आपले बेला १९४८ पर्यंत त्यांच्याच राज्यात होते. तेव्हा चहाबरोबर एका ताटलीत उस्मानिया आणि नानकटाई दोन्ही ठेवल्या, तर त्यात वावगे काही नाही. आमच्या घरी आधी कोणती संपते ते मात्र सांगत नाही!

आता तिसरे काम, दाराचे तोरण. हे मला शेजारच्या तेलुगू अक्कांनी शिकवले.

सर्वपित्री अमावस्येला आपण पितरांना पान वाढतो, त्याच दिवशी त्यांची बतुकम्मा सुरू होते. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि बतुकम्मा राज्याचा सण ठरला, पण अक्कांच्या घरी ती त्यांच्या आजीपासून चालत आलेली. पहिल्या वर्षी त्या आमच्या वावरात आल्या आणि कापसाच्या ओळींतले कुरडू मागू लागल्या. मला हसूच आले. ज्याच्या निंदणीला आम्ही मजुरी मोजतो, ते तण ही बाई टोपली भरून नेते! मग संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले. त्याच कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे थर लावून ताटात रचलेले, मध्ये पिवळा तरवड आणि झेंडू, आणि वर हळदीची गौरी. कुरडूला त्या गुनुगू म्हणतात, तरवडाला तंगेडू. नावे दोन, फूल एकच, आणि आमच्याच बांधावरचे.

कुरडूची खुबी अशी की ते वाळले तरी गळत नाही. आंब्याची पाने चार दिवसांत करपतात, झेंडू आठवड्यात काळवंडतो, पण कुरडूचे तोरण दसऱ्याला बांधले तर दिवाळीपर्यंत टिकते.

कृती : तुरे पूर्ण फुललेले, पण बी सांडायच्या आत, वीतभर दांड्यासह कापा. पाने काढून टाका. दहा-दहाच्या जुड्या बांधून सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगा. आठ-दहा दिवसांत कडक होतात. उन्हात टांगू नका, रंग उडतो. मग दाराच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त सुतळी घ्या. दोन तुरे आणि एक न फुटलेले कापसाचे वाळलेले बोंड अशी जुडी करत सुतळीला गाठ मारत जा. मधे मधे फुटलेले बोंड कापसासकट लावले तर दिव्याच्या उजेडात फार शोभते, फक्त ते पणतीपासून लांब ठेवा, कापूस भसकन पेट घेतो. दसऱ्याच्या दिवशी मधल्या जागांत ताजा झेंडू आणि आंब्याची पाने अडकवा. सुकली की तेवढीच काढायची. बाकीचे तोरण तसेच राहते.

तर अशी ही तीन कामे. नानकटाई आठ दिवसांत संपेल. तोरण दिवाळीनंतर उतरेल. गोधडी मात्र राहील.

आमची गोधडी कोजागिरीला पुरी झाली. त्या रात्री गच्चीवर दूध आटवले. चांदण्यात दव पडू लागले, तशी ह्यांनी न सांगता गोधडी आणून अंगावर घेतली. पदराचा काठ नेमका गळ्याशी आला. थोड्या वेळाने म्हणाले, "उरलेल्या लुगड्यांच्याही करून टाक. पोरींना एकेक देऊ."

या वर्षी दुसरी घेतली आहे. दुपारी दहा सुया ओवलेल्या असतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी ती पलंगाखालची पेटी ओढाच बाहेर. वरची घडी नव्हे, सगळ्यांत खालची उलगडून बघा. कसर पोचायच्या आधी तुम्ही पोचा.